नववी खूण

कापडे, मंगळवार, १२ नोव्हेंबर

आज परत चालणं नवव्या खुणेपाशीच संपलं. घरापासून शाळेपर्यंत टेप लावून दर पन्नास मीटरला चुन्याची खूण मी स्वतः केली आहे, अंदाजपंचे नाही. शाळा अकराव्या खुणेवर. न थांबता तिथवर जाऊन परत आलो, की पंपांची कामं पुन्हा धरायला हरकत नाही, असं महाडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हार्ट अटॅकला चार महिने झाले. पंपदुरुस्ती कोणी न शिकवता शिकलो, पण हे गाव साधं चालू देत नाही! रोज कोणीतरी गाडी थांबवतंच.

आज चुलतभाऊ दत्ता. एमआयडीसीतली पाळी संपवून मागून आला.

"दादा, हार्टवाला माणूस तू, चालतोस कशाला? बस मागं."

"अरे, हेच औषध आहे माझं."

"औषध गोळीत असतं. बस, नाय तर वयनी माझ्यावरच ओरडल."

बसलो. त्याने गाडी वळवून दारात आणून सोडलं. घरच्या माणसाला नाही कसं म्हणणार, असं मी बायकोला सांगितलं. मग अर्धा तास दत्ताला शिव्या घातल्या. चहाही घेतला नाही.

पण इथे खोटं कशाला लिहू? संताप दत्तावर नाहीच. नवव्या खुणेवर मला धाप लागली होती. मागून गाडीचा आवाज आला तेव्हा बरं वाटलं. मीच मागे वळून पाहिलं. दत्ता थांबला तो त्यानंतर.