डाव्या बाजूची केसभर फट

प्रिय बारके,

हे पाकीट बघून तू म्हणशील, दादाला वेड लागलंय, दोन गल्ल्या सोडून राहतो आणि पत्रं पाठवतो. तुझी वहिनीही तेच म्हणाली. तिच्याच हाती पाठवतोय, आणि तुझं वाचून होईपर्यंत समोरून हलायचं नाही अशी तिला ताकीद दिली आहे. फोन करून बघितला असता, पण तू पहिल्या वाक्यालाच म्हणाली असतीस, बोल रे लवकर, हात तेलकट आहेत माझे. आणि मी नेहमीसारखं, काही नाही गं, सहज केला होता, म्हणून ठेवून दिला असता. कागदावर तुला मध्येच तोडता येत नाही, म्हणून कागद.

सोमवारी सकाळी दहाला नवं टर्बाइन चालू होणार. नवं म्हणजे आपल्या कारखान्याला नवं; दुसरीकडे कुठेतरी वीस वर्षं राबून आलेलं धूड ते. अकरा दिवस तू त्याच्या पोटात डोकं घालून बसली होतीस. ते नीट फिरलं की वर्कशॉपची फोरमन तू, असं मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, तेव्हा पहिली टाळी माझी होती, आठवतं? तोंडदेखली होती ती. त्या जागेकडे मी बारा वर्षं डोळे लावून बसलोय. घरी गेलो आणि चहात साखर कमी पडली म्हणून तुझ्या वहिनीवर खेकसलो. साखर बरोबर होती. माझ्याच पोटात दुखत होतं, बारके, आणि अजून दुखतंय.

हे दुखणं आजचं नाही. परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये अप्पांनी पहिल्यांदा टर्बाइनच्या फिरत्या शाफ्टभोवती बसून वाफ अडवणारी ती पितळी कडी दाखवली, तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो आणि तू नऊची. तुला आणलंही नव्हतं, तू माझ्या मागे लागून आली होतीस. आतून दातेच दाते असलेली ती कडी बघून मी विचारलं, हे दाते शाफ्टला लागत नाहीत, मग वाफ अडते कशी? अप्पा म्हणाले, अडत नाही, दमते. एका दात्याखालच्या फटीतून निसटली की पुढच्या खणात जाऊन फुगते, जोर घालवते, मग पुढचा दाता, पुढचा खण. शेवटपर्यंत पोचते तेव्हा तिच्यात जीव राहिलेला नसतो. साहेब लोक लॅबिरिंथ म्हणोत, अप्पांनी नाव ठेवलं चकव्याची कडी. मी ते सगळं वहीत लिहून घेतलं. तू काय केलंस, तर कडीत बोट घातलंस आणि म्हणालीस, अप्पा, हा सातवा दाता जरा आखूड आहे. अप्पांनी मोजलं. होता आखूड. त्या दिवशी अप्पांनी तुला उचलून ऐरणीशेजारच्या स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, ही माझी. मग मी कोणाचा, हे विचारायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

पुढे त्यांनी आपला त्रिकोणी स्क्रेपर तुला दिला आणि मला दिली फट मोजायच्या पात्यांची जुडी. तुझ्या हातात घासणं आलं, माझ्या हातात मोजणं. तू घडवायचं आणि मी त्यावर बरोबर अशी खूण करायची. मधली तुझी सासरची वर्षं सोडली, तर वीस वर्षं मी तुझ्या कामावर सह्या करतोय आणि वीस वर्षं तुझ्या कामात खोट शोधतोय. बारीकसारीक का होईना, एखादी तरी सापडावी म्हणून पात्यांवर पाती घालून बघायचो. सापडली नाही. लोक म्हणायचे, दादा किती बारकाईने तपासतात बहिणीचं काम, जरासुद्धा सूट देत नाहीत. मी मान हलवायचो. तुझ्या लग्नात अप्पा रडले ते तू जाणार म्हणून नाही, शेड सुनी होणार म्हणून. मी तेव्हाही त्याच शेडमध्ये होतो. आणि तुझ्या नवऱ्याची बदली होऊन तू परत इथे आलीस, तेव्हा सामान लागायच्या आधी अप्पा आपली वळकटी घेऊन तुझ्याकडे राहायला गेले. लाडू खाल्ल्यासारखा चेहरा झाला होता म्हाताऱ्याचा. तुझ्या वहिनीने त्यांची खोली अजून तशीच ठेवली आहे.

रागावू नकोस. हे सगळं तुला माहीत नव्हतं, म्हणून सांगतोय. तू कधी माझा वाटा मागितला नाहीस. तुला तो आपोआप मिळत गेला, हेच तर मला खुपायचं. भांडली असतीस तर बरं झालं असतं.

गुरुवारी मी तपासायला आलो तेव्हाचं तुला आठवत असेल. वरचं झाकण लाकडी ओंडक्यांवर उलटं ठेवलं होतं. तू तेलकट हाताने कपाळावर काळा पट्टा ओढून घेतला होतास आणि माझी थट्टा करत होतीस, की कागदावरचे फिटर आले, बाजूला व्हा. पोरं हसली. मी प्रत्येक कडीची डावी-उजवी फट मोजली, आकडे मांडले, तासभर झाकणाभोवती घुटमळलो आणि शेवटी सही केली. तू म्हणालीस, आज एकही प्रश्न नाही? बरं वाटत नाही का? मी म्हणालो, फोरमनबाईंना काय प्रश्न विचारायचे. मग तू झाकण बसवून घेतलंस. मी घरी जाताना शीळ घालत होतो. तुझ्या वहिनीला वाटलं, मला बढती मिळाली.

आज सकाळी तू कामावर असताना तुझ्या घरी जाऊन अप्पांना भेटलो. त्यांना आता माणूस जवळ येईपर्यंत ओळखू येत नाही, पण पावलांवरून मला ओळखलं. सगळं टर्बाइनबद्दलच विचारत होते. कड्या कोणी बसवल्या, स्प्रिंगा नव्या घातल्या का. मग म्हणाले, डाव्या बाजूला केसभर फट जास्त ठेवली ना तिने? मशीन वेगात आलं की शाफ्ट तेलावर उचलला जातो आणि डावीकडे सरकतो, त्याला जागा लागते. हे कुठल्या पुस्तकात नाही, मी माझ्या हाताने शिकलोय आणि तिला शिकवलंय. मी म्हणालो, ठेवली आहे, अप्पा, प्रत्येक कडीला, मी स्वतः मोजली. तेव्हा त्यांनी चाचपडत माझा हात धरला आणि म्हणाले, तू मोजलीस ना, मग मला घोर नाही. तिच्या हाताचं मला कौतुक आहे रे, पण झोप लागते ती तुझ्या सहीमुळे. सगळी उमर गेली माझी हे वाक्य ऐकायला. आणि ऐकलं तेव्हा त्यांच्या हातातून हात सोडवून घेऊन मला मोरीत जाऊन तोंड धुवावं लागलं.

बारके, ते मशीन उलटं फिरतं. आपल्या कारखान्यातली आजवरची सगळी मशीनं एकाच बाजूला फिरणारी, म्हणून अप्पांची डावी बाजू कधी चुकली नाही आणि तुझीही नाही. झाकणाच्या कडेला राखाडी रंगाच्या तीन थरांखाली ओतीव बाण आहे. मी नखाने रंग खरवडून बघितला. हा शाफ्ट उजवीकडे सरकणार, आणि उजवीकडे तू जागाच ठेवलेली नाहीस. साहेबांना मशीन कुठल्या बाजूला फिरतं ते माहीत आहे, पण अप्पांची केसभर फट माहीत नाही; त्यांच्या तक्त्यात दोन्ही बाजूंची बेरीज असते आणि ती बरोबर येते. हे कळणारा एकटा मीच होतो, आणि मी ते गुरुवारीच बघितलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तू चुकलीस आणि मला इतका आनंद झाला की मी मूग गिळून सही केली. दाते घासले जातील, शाफ्ट एका अंगाने तापून वाकेल, मशीन थरथरेल, मोठ्या साहेबांसमोर तुझी फजिती होईल, इथपर्यंत माझं मनात रंगवून झालं होतं. ते थरथरेल तेव्हा तू दोन पावलांवर कान लावून उभी असशील, हे माझ्या डोक्यात आज मोरीत तोंड धुताना आलं. झाकण आजच उघडायला घे. उजव्या अंगाचे दाते केसभर घास; डावीकडे थोडी वाफ जाईल, जाऊ दे. उद्या संध्याकाळपर्यंत होईल. साहेब विचारतील, सही झालेलं काम का उघडलं, तेव्हा मला सांभाळून घेऊ नकोस. तुझी ती खोड मला माहीत आहे. हे पत्र त्यांच्या टेबलावर ठेव, मागच्या बाजूला तारीख घालून पूर्ण सही केली आहे. अप्पांना मात्र मीच सांगणार आहे, तू कामाला लागल्यावर, तुझ्याच घरी बसून. हेवा अजून गेलेला नाही. नट खोलायचे पाने उचल, मला अप्पांपाशी येता यावं म्हणून घराची किल्ली वहिनीजवळ दे आणि नीघ.

तुझाच,
दादा