उजवी बाजू पांढरी

माय, तू गेलीस त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि तुझ्या छातीबद्दल तू असताना मला जेवढं कळत नव्हतं तेवढं आता कळतं. मी एक्स-रे काढते, हे तुला माहीतच आहे. हे शिकायला नांदेडला गेले तेव्हा तू होतीस. दिवसभर लोकांना "श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा" म्हणत असते. सुट्टीत घरी येऊन तुला हे करून दाखवलं की तू हसायचीस. म्हणायचीस, "मला धरून ठेवायला लावू नको बाई, माझ्याकडं एकच हाय."

टीबीनं तुझं उजवं फुप्फुस पोखरलं, खोकल्यातून रक्त यायला लागलं, तेव्हा मामानं तुला हैदराबादला नेलं आणि तिथे ते काढून टाकलं. मी नववीत होते. मला वाटायचं, तुझी अर्धी छाती आता रिकाम्या डब्यासारखी वाजत असेल. तसं नसतं. त्या जागेत आधी हवा असते, मग पाणी साचतं, ते हळूहळू घट्ट होत जातं. बरगड्या जवळ येतात, खांदा उतरतो. राहिलेलं फुप्फुस पसरत पसरत मधली हद्द ओलांडतं आणि हृदयही रिकाम्या बाजूकडे सरकतं. याला महिने लागतात, आणि तुझे ते महिने मी पाहिलेत. श्वासाच्या व्यायामाचं ते तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र घेऊन तू उंबऱ्यात बसायचीस. नळी तोंडात धरून श्वास ओढला की गोळ्या वर जायच्या. आधी एकच जायची, तीही थरथरत. संक्रांतीपर्यंत दुसरी उचलली. तिसरी तुझ्याच्यानं कधीच उचलवली नाही आणि त्या गोळीला तू मनसोक्त शिव्या घालायचीस. अंगणवाडीत परत रुजू झालीस तेव्हा गाण्याची एक ओळ तुला एका दमात पुरेना, मधेच थांबायचीस. लेकरांना वाटलं, गाणं तसंच आहे. आपल्या हट्टा गावातली ती सगळी पोरं त्याच जागी थांबून गायला शिकली. तुझ्या कुशीत झोपलं की धडधड उजवीकडून ऐकू यायची.

गावाला मात्र यातलं काही माहीत नव्हतं. बाबा केव्हाच गेलेले, अक्का लग्नाची झालेली, आणि टीबी झालेल्या घरातली पोरगी करायला कोण पुढे येतं? तुझ्या पाठीपासून काखेपर्यंत टाक्यांचा लांब वण होता. "कोणी इचारलं तर बैलानं मारलं म्हणायचं," तू आम्हा दोघी बहिणींना बजावलं होतंस. आपल्या घरात बैल कधीच नव्हता, पण मी त्याचा रंगसुद्धा ठरवून ठेवला होता.

अक्काची सोयरीक वसमतला जमली. लग्न पंधरा दिवसांवर आलं आणि तुला सणकून ताप भरला. आम्ही तुला दवाखान्यात नेलं, आणि अक्काची होणारी सासू तुला बघायला आली ती नेमकी त्याच सकाळी. अजून सगळं समोर दिसतं. तू खाटेवर बसली आहेस, समोरच्या उशीवर हात टेकून. तरुण डॉक्टर फिल्म उजेडावर धरतो. उजवी बाजू पांढरी. "पाणी भरलंय," तो म्हणतो, "सुई टाकून काढावं लागेल." मग वण पाहून विचारतो, हे टाके कशाचे? "बैलानं मारलं व्हतं," तू लगेच सांगतेस. तो मान हलवतो. नर्स तुझ्या पाठीवर कापूस फिरवते. आज मला माहीत आहे की एवढं पाणी असतं तर त्यानं हृदय पलीकडे ढकललं असतं; तुझं तर पांढऱ्या बाजूलाच ओढलेलं होतं. घाईत त्याच्या ते ध्यानात आलं नाही. तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं की हैदराबादच्या डॉक्टरांनी मामाला बजावलं होतं, या बाजूला कोणाला सुई लावू देऊ नका, आत पू झाला तर बाई जाईल. अक्कालाही ते ठाऊक होतं. ती सासूच्या मागे उभी होती. आणि तू माझ्याकडे बघून हळूच मान हलवत होतीस, नको म्हणून. तुला मरण चाललं असतं, मोडलेली सोयरीक चालली नसती.

"डॉक्टर, तिकडं फुप्फुसच न्हाई! टीबी झाला व्हता, काढून टाकलंय!" मी ओरडले.

सुई थांबली. सासूबाईंनी खालची पिशवी उचलली. "फसवून राहिले व्हते व्हय तुमी आमाला?" एवढंच बोलल्या आणि चालू लागल्या. अक्का त्यांच्यामागे दारापर्यंत गेली आणि परत आली.

ताप औषधांनी उतरला. तू आठ दिवस माझ्याशी बोलली नाहीस. मग एका दुपारी मेथी निवडता निवडता म्हणालीस, "डॉक्टर हातभर अंतरावर व्हता. कानात काहून न्हाई सांगितलंस?" मी म्हणाले, घाबरले, सुचलं नाही. "बराबर हाय, लेकरूच हायेस," म्हणून तू विषय सोडून दिलास. त्यानंतर अकरा वर्षं तू त्या एका फुप्फुसावर काढलीस. अक्काला पुन्हा स्थळ आलं नाही. ती तुझ्यापाशी राहिली आणि मी शिकायला गेले.

गेल्या आठवड्यात साखरा गावचे एक म्हातारे गृहस्थ एक्स-रेला आले. सोबतची सून माझ्याजवळ आली आणि कानाशी वाकून म्हणाली, "ताई, यायचं एक फुप्फुस काढेल हाय. बाहेर पाहुणे बसलेत, बोलू नका." संपलं. मी फिल्म काढली, कागदावर तशी नोंद केली, बाहेर कोणाला पत्ता लागला नाही. त्या दुपारी मला डबा उघडवला नाही.

माय, मला सुचलं होतं. डॉक्टर वाकलेला होता, त्याचा कान माझ्या तोंडापाशी होता. तू वाचावीस म्हणूनच मी तोंड उघडलं, त्यात काही खोटं नाही. पण आवाज मी ठरवून चढवला. अक्का सासरी गेली की तुझी पाठ चोळायला, पाणी भरायला, उशाशी बसायला मीच उरणार होते, आणि मला इथून निघायचं होतं. एवढं सगळं एका क्षणात डोक्यात येतं का, असं कोणीही विचारेल. आलं होतं.

अक्का अजून त्याच घरात एकटी राहते. भेटेल त्याला सांगते, "माझ्या बहिणीनं मायला वाचवलं," आणि मी शेजारी बसून चहा पीत असते. आज कागद घेतला तो खरं म्हणजे तिला लिहायला. वर "अक्का" लिहिलं, खोडलं आणि तुला हाक मारली. ती हे वाचेल, तू वाचणार नाहीस, म्हणून.