उकिरड्यातली पिकअप

मोरबी, २२ सप्टेंबर २०२५

ति. रामप्रसाददादास,
धाकट्या सुमितचा नमस्कार वि. वि. नमस्कार रागातला हाये, पण मोठा भाऊ हायेस म्हणून पायापर्यंत पोचता करून राह्यलो.

आन् एवढं सांगून तरी तुझं तेच! मी ब्रेकला पैसे धाडले, तू टपावर निळ्या लाईटी लावल्या. गावातल्या पोरांच्या स्टेटसला पाह्यलं म्हणून कळलं. पंधरा वर्षांची पिकअप, खालचा पत्रा गंजून आतून रस्ता दिसतो, आन् वर झगमगाट. शिवाय दोन वुफर. दात पडलेल्या नवरदेवाला मुंडावळ्या बांधल्यावानी दिसून राह्यली. शिसारी आली मला.

फोनवर हेच बोललो तर तू शिवीवर आला, मीबी आलो, आन् आईनं आपलं फोनवरलं बोलणं बंद करून चिठ्ठ्या लावून दिल्या. मी सातवीतून पळालेला माणूस. दिवसभर लाद्यांचे खोके उचलून बोटं वळत न्हाईत, तरी लिहून राह्यलो. ट्रकवाला राधेश्याम आमच्या कारखान्याच्या लाद्या घेऊन जालन्याला येतो, त्याच्याजवळ देतो.

ब्रेक दाबला की पाय खालच्या पत्र्याला टेकतो, हे मला ठाऊक हाये. मी चालवलेली हाये ती. आता कापूस वेचायला बाया त्याच गाडीत जाणार, आन् सगळ्यात पुढं आपली आई बसणार. तिला काय तुझे वुफर थांबवणार हायेत? परवा इथं एका टेम्पोचा ब्रेक लागला न्हाई, त्यानं शेडची भिंत पाडली. भिंतच होती म्हणून बरं.

साधनावहिनीला म्हणावं, तिच्या हातच्या ठेच्याची लई याद येते. इथं वरणात गूळ टाकतात. थू!

ब्रेक आधी बसव, माझ्यावरला लोभ त्याच्यानंतर ठेवला तरी चालंल.
तुझा सुमित

टेंभुर्णी, ४ ऑक्टोबर २०२५

चि. सुमितला दादाचा आशीर्वाद.
वि. वि. तुझी चिठ्ठी आईसमोर वाचली, पार थू पर्यंत. आई हसली. मी न्हाई.

वुफर इकले. त्या पैशातून भोकरदनहून ब्रेकचं नवं सामान आणलं, दारात गाडी दगडावर चढवून चारी चाकं खोलली. खालचा पत्रा वेल्डिंग केला, मागचे स्प्रिंगचे पाटे नवे टाकले. इंजिन आता एका चावीत उठतं. तू तिकडं बसून शहाणा झाला, इकडं माझ्या भाकरीला ग्रीसचा वास येतो. लाईटी ठेवल्या. माणसाला हौस असावी.

आता पुढचं वाचून वरडू नको. ब्रेक बसले, चाकं चढवून गाडी खाली घेतली. ब्रेकच्या नळीतली हवा काढायची, त्याबिगर ब्रेक धरत न्हाई, आन् हँडब्रेकची तार कसायची, एवढंच राह्यल्तं, तर खंडेनवमी आली. आईनं पाने, जॅक, हातोडी सगळं पाटावर मांडलं, हळदकुंकू लावलं, म्हणली आज हत्याराला हात लावायचा न्हाई. दसऱ्याला उचलाया गेलो तर म्हणली, सोनं लुटल्याबिगर पूजा हलत न्हाई. मी म्हणलो ठीक हाये, गाडीला कुठं जायचंय, नुसती पूजा तर करायची.

हार घातला. चाकाखाली लिंबं ठेवली. मान म्हणून आईला आधी आत बसवलं. साधनानं नारळ फोडला. लिंबावरून गाडी गेली पायजे, म्हणून मी चाकाला लावलेले अडणीचे दगड काढले, आन् मी स्टेरिंगवर बसायच्या आत ती गेली. आपल्या दारचा उतार तुला ठाऊक हाये. आई आतून हॉर्न वाजवू राह्यली, मी मागं पळू राह्यलो. उकिरड्यात बोनेटापर्यंत घुसली तवा थांबली. उकिरड्याच्या पलीकडं आपली बिनकठड्याची हीर हाये, ते सांगाया नको.

आईला खरचटलंबी न्हाई. दसऱ्याचं लुगडं तेवढं शेणानं भरलं. लाईटी शेणातूनबी लुकलुकत होत्या. खाली उतरल्यावर आई म्हणली, सुमितला कळवू नको. म्हणून कळवून राह्यलो.

आता ती म्हणते, सुमितनं सोता ब्रेकवर पाय ठेवून पाह्यल्याबिगर मी या गाडीत बसत न्हाई. ती बसत न्हाई म्हणून बायाबी बसत न्हाईत. कापूस फुटून उभा हाये.

माया हायेच, शिव्या तेवढ्या कमी कर.
तुझा दादा, रामप्रसाद

मोरबी, ९ ऑक्टोबर २०२५

ति. दादास नमस्कार. या खेपेला वि. वि. लिहायचंबी मन न्हाई.

पान्याला हळदकुंकू लावता आन् पान्याचं काम तसंच सोडता! इथं आमच्या मशिनीलाबी हार घातला, पण आदल्या दिवशी बराबर कसून. तू अर्ध्या ब्रेकची गाडी उतारावर लावली, दगड काढले, आन् आत कोणाला बसवलं तर आईला. मला तुझी किळस आली दादा, खरं सांगतो. आईचीबी थोडी आली, तिला वाचून दाखव.

हिरीचं वाचलं आन् तिथंच खोक्यावर बसलो. राधेश्यामनं इचारलं, घरी काय झालं? मी म्हणलो, काय न्हाई, आमच्या घरचे सगळे येडे हायेत. रात्रीचं जेवलो न्हाई.

वुफर इकशील असं बिलकुल वाटलं नव्हतं. तेवढं मानलं. फुगू नको.

दिवाळीला मी येणार नव्हतो, ठेकेदार त्या आठवड्याला दुप्पट हजेरी देतो. ती त्याच्या तोंडावर टाकली. राधेश्यामच्या पुढच्या खेपेला त्याच्याच ट्रकात बसून येतो. तवर गाडी शेणातच राहू दे, लाईटीसकट. हवा मी काढीन, तार मी कसीन. आधी एकटा खालच्या ओढ्यापर्यंत नेऊन आणीन, मंग आई बसंल. पाने पाटावरून उतरवून धुऊन ठेव, हळदीनं हात घसरतो.

वहिनीला नमस्कार. आईच्या पाया पडतो, आन् भांडतोबी येऊन. शिव्या सरल्या की जो उरंल तो लोभ तुझाच.
सुमित

ता. क. ब्रेकसाठी आता तुझ्या हातात एक पैसा देणार न्हाई. पण आईला बसवताना चाकाखाली लिंबं लागतीलच, आधीची वाया गेली. ती आणून ठेव. राधेश्यामजवळ दिले हायेत: वीस रुपये.