दहाच्या आत खाली

६ एप्रिल, शनिवार
आजपासून शिस्त. वसंतातला बर्फ कळायला सोपा. रात्री गोठतो, पहाटे दगड, ऊन चढलं की लापशी. म्हणजे चारला डोंगरावर निघायचं, दहाच्या आत खाली. लोक यासाठी कोर्स करतात! मीही केलाय, अकरा वर्षांपूर्वी. दोन दिवसांचा. पहिला दिवस पूर्ण केला.
आज साडेसहाला निघालो. सव्वाअकराला खाली. काही झालं नाही. अंदाज पक्का असला की असं होतं.

९ एप्रिल, मंगळवार
हिमस्खलन केंद्राचं पत्रक रोज सकाळी येतं. सकाळी धोका कमी, दुपारी बराच. मी सकाळची ओळ तेवढी वाचतो. दुपारी मी डोंगरावर नसणारच.
बेकरीत व्हर्नाला हे सांगितलं. ती म्हणाली, ‘लाईल, दुपारची ओळ तुझ्यासाठीच लिहितात.’ चौसष्ट वर्षांची आहे, तीस वर्षं स्की पेट्रोलमध्ये, म्हणजे बर्फावरच्या बचाव पथकात होती. वय झालं की माणूस भित्रा होतो.

१३ एप्रिल, शनिवार
व्हर्ना, टोबिन आणि मी. आमच्याकडचा नियम: एकानं नाही म्हटलं की सगळे परत. कारण विचारायचं नाही, वाद घालायचा नाही.
सकाळी सातला व्हर्नानं उताराखाली बर्फात मूठ दाबली. मनगटापर्यंत आत. नाही म्हणाली. परतलो. वाद घातला नाही. गाडीत चाळीस मिनिटं फक्त समजावून सांगितलं. ती म्हणाली, ‘गाडी चालव.’
टोबिन हसला. माझ्या बहिणीचा, आर्डिथचा नवरा. कॅन्ससचा, म्हणजे टेबलासारख्या सपाट मुलखातला. मला दादा म्हणतो. काही विचारलं की, ‘दादा, तू म्हणशील तसं.’ असा साथीदार मिळायला नशीब लागतं.

१७ एप्रिल, बुधवार
आर्डिथचा फोन. म्हणाली, ‘दादा, तो तुला कधीच नाही म्हणणार नाही. तेव्हा नाही म्हणायचं काम तुझं. मला तो घरी हवाय.’ म्हटलं, काळजीच सोड.
संकल्प: दोन गजर. बीकनचा सराव. (बीकन म्हणजे सिग्नल देणारं यंत्र, छातीवर बांधायचं. गाडला गेलेला शोधायला. बॅटरी निम्मी आहे. पुरे.)

२० एप्रिल, शनिवार, पहाटे ५.१०
गाडीच्या काचेवर बर्फ! खरवडून काढावा लागला. अंगणात २६ डिग्री फॅरनहाइट. पाणी ३२ ला गोठतं, म्हणजे डोंगर आज कडक.
व्हर्नाचा मेसेज: ‘काच बघू नकोस. थंडी फक्त खाली दरीत साचलीय. वर रात्रभर ढग होते, वरचा तापमापक ३८ दाखवतोय. वर काहीच गोठलेलं नाही. मी पलीकडच्या सपाटीवर फिरणार आहे, तिकडे या.’
डोळ्यांनी दिसणारा बर्फ खरा की मेसेज?

सकाळी ८.४०, गाडीतळ
नाश्त्याला रांग होती. टोबिनचा पाय सावलीतसुद्धा नडगीपर्यंत आत जातो. म्हणाला, ‘दादा, हे मऊ लागतंय.’ म्हटलं, वर कडक असेल.
बीकनचा सराव करायचा होता. उतरल्यावर करू.

११.२०, उताराच्या माथ्यावर
कड्याखालून बर्फाचे गोळे सुटतायत. आधी लिंबाएवढे, आता चाकाएवढे. बर्फाखाली पाणी वाहतंय, ऐकू येतं. टोबिननं विचारलं, ‘हे नेहमीचंच ना?’ म्हटलं, वसंत आहे बाबा.
नियमाप्रमाणे मत विचारलं. ‘तू म्हणशील तसं.’ म्हणजे दोन होकार. एका वेळी एकानंच उतरायचं, तोही नियम. पाळतोय. पहिला तो. वरून फोटो चांगला येतो.

संध्याकाळी, हॉस्पिटल
ओला बर्फ सावकाश येतो. पळत सुटावं इतका सावकाश. पण टोबिनचे पाय रुतले होते. तो वर बघत होता. माझ्याकडे.
बीकन शोधावर लावायचं बटण सापडलं नाही. खणलं. बर्फ सिमेंटसारखा बसला होता. दोन हात खोल खणलं. तिथे तो नव्हता.
व्हर्नानं सपाटीवरून पाहिलं होतं. धावत आली. म्हणाली, ‘बाजूला हो.’ स्वतःचा बीकन लावून शोधत गेली, माझ्यापासून वीस पावलांवर खणलं. चौदा मिनिटं झाली होती. ओठ निळे.
हेलिकॉप्टरवाल्यांनी विचारलं, कुणी काढलं? मी म्हटलं, आम्ही.

२३ एप्रिल, मंगळवार
टोबिन शुद्धीवर. तीन बरगड्या, डावा पाय. त्या सकाळचं काहीच आठवत नाही. व्हर्ना तिथूनच घरी गेली, कुणाला काही बोलली नाही.
टोबिन म्हणाला, ‘दादा, तू होतास म्हणून वाचलो.’ मी दुरुस्त करणार होतो, तेवढ्यात नर्स आली. नर्स गेली. पण आजारी माणसाला फार बोलायला लावू नये.
आर्डिथ गळ्यात पडून रडली. निघताना हातात पाई ठेवली, रुबार्बचे आंबट देठ साखरेत घालून घरी भाजलेली, अजून गरम. म्हणाली, ‘माझ्या माणसाला परत आणलंस.’
अख्खी पाई गाडीत बसून खाल्ली. व्हर्नाकडे अर्धी न्यावी असं एकदा वाटलं. तिला गोड चालत नसणार.