धुऱ्यावरची हिरवी तूर

१४ नोव्हेंबर

घसा बसलाय. पण सभा पेटून उठली! अड्याळच्या बाजारात, बाबुलालच्या बियाण्याच्या दुकानासमोरच्या ओट्यावर चढून बोलले. म्हटलं — तूर छातीएवढी वाढली, झुडपासारखी फुटली, हिरवीगार आहे, आणि फूल एक नाही. ही निसर्गाची करणी नव्हे, या दुकानातल्या थैलीतली फसवणूक आहे. टाळ्या. मग तक्रारीवर सह्या — आमच्या आसगावातल्या जवळजवळ प्रत्येक घराच्या.

बाबुलाल गल्ल्यामागे उभा होता. एवढंच म्हणाला, "रीताताई, बियाणं एकदा तपासून तरी पाहा." मी त्यावरही लोकांना हसवलं.

१५ नोव्हेंबर

तक्रार पवनीला, तालुक्याच्या कृषी कार्यालयात दिली. कमिटी पाहणीला येणार. बियाण्याचा दोष निघाला तर बाबुलालचा परवाना जाईल. जाऊ दे.

१८ नोव्हेंबर

कृषी विज्ञान केंद्रातली गुंजन आली होती, नमुने घ्यायला. पोरगी कमी बोलते. माझ्या धानाच्या शेतात धुऱ्यावर बसली, बांधावर लावलेल्या तुरीचं एक पान तोडलं आणि उन्हासमोर धरलं. "बघा."

फिकट हिरव्या पानात गडद हिरवी ठिगळं. पान नेहमीपेक्षा लहान. ही झाडं मी रोज बघते, पण पान कधी उजेडासमोर धरलं नव्हतं.

"विषाणू आहे. वांझ रोग म्हणतात." (झाडाच्या रोगाला नाव देतानाही यांना बाईच आठवली!) डोळ्यांना न दिसणारा एक कोळी पानामागे राहतो, वाऱ्यावर उडत जातो, आणि या झाडाचा विषाणू त्या झाडाला देतो.

"आणि बियाणं?"

"बियाण्यातून हा रोग येतच नाही, ताई."

मी वाद घातला. वाद मला येतो. मग गावभर कसा पसरला? तिनं बोट दाखवलं. धुऱ्यावर मागच्या वर्षीचे खुंट होते, पुन्हा फुटलेले. आम्ही तूर विळ्याने कापतो, खुंट तसाच ठेवतो. उन्हाळ्यात त्याला पालवी येते, बकऱ्यांना तेवढंच हिरवं. माझ्या आईनेही हेच केलं. कोळी उन्हाळाभर त्या पालवीवर जगतो आणि पावसाळ्यात नव्या तुरीवर जातो.

जाताना म्हणाली, ही झुडपं उपटून टाका, आत्ताच. मी म्हटलं, कमिटी येऊन जाऊ दे. पुरावा आहे तो.

१९ नोव्हेंबर

शेतीच्या मासिकांचे जुने अंक काढून वाचत बसले. तेच वर्णन. तीच ठिगळं. गुंजन खोटं बोलत असती तर बरं झालं असतं.

२० नोव्हेंबर

आमचे शेजारी कृष्णराव. त्यांचं शेत माझ्या शेताला लागून. त्यांची तूरही तशीच — झुडूप, फूल नाही. चालता चालता सहज विचारलं, बाबुलालकडून थैली कोणत्या आठवड्यात आणली होती?

"थैली कायची? माह्या घरचंच बियाणं हाय."

"मग तक्रारीवर सही कशी केली?"

"सारेच करून राहिले होते. मी एकटाच काहून मागं राहू?" वरून हसले. "आन् तुमी बोलल्याच अशा का, मलेबी वाटलं का मी थैली घेतली."

घरी येईस्तोवर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही.

२२ नोव्हेंबर

मी काय मानते ते इथे तरी सरळ लिहू. बियाण्याच्या धंद्यात लुबाडणूक आहे. मी पाहिली आहे, त्याविरुद्ध बोलले आहे, पुढेही बोलणार. पण या तुरीत ती नाही. गप्प राहिले तर? लोक खूश. कमिटीत कोणी पान उन्हासमोर धरेलच असं नाही. बाबुलालचं दुकान बंद पडेल, आणि मी बुद्धविहारात दर वेळेसारखी उभी राहून सांगेन — तपासल्याशिवाय काही मानू नका.

कोणत्या तोंडाने सांगेन?

कमिटीपुढच्या भाषणाचे मुद्दे काढायला बसले. पहिलं वाक्यच सुचत नाही. असं कधी झालं नव्हतं.

२३ नोव्हेंबर

सुचलं नाही.

२५ नोव्हेंबर

कमिटी आली. सगळं गाव धुऱ्यावर. मी उभी राहिले आणि "बंधूंनो" म्हणताच टाळ्या! त्या थांबू दिल्या. मग सांगितलं — बियाणं निर्दोष आहे, रोग विषाणूचा आहे, तो आपल्याच खुंटांवर जगला. मी तपासलं नाही आणि तुम्हाला भडकवलं.

मग मागून आवाज — "बाबुलालनं काय चारलं बाईले?" हशा पिकला. माझ्यावर. कमिटीचे साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, मॅडम, तुमच्यावर कोणाचा दबाव आहे का? गुंजनने पान त्यांच्या हातात दिलं तेव्हा कुठे त्यांनी चष्मा पुसला. नमुने तपासणीला पाठवले. बियाण्याविरुद्ध काही लिहिलं नाही. बाबुलालचा परवाना शाबूत राहिला.

परत येताना माझ्याबरोबर कोणी चाललं नाही. कृष्णराव समोरून आले आणि बाजूच्या बांधीत, धानाच्या वाफ्यात उतरून गेले, पिकाचं काहीतरी बघायचं असल्यासारखे. आयुष्यभर कमावलेलं नाव! पण खोटं वाटत नाही आतून. इतकंच.

२७ नोव्हेंबर

सकाळी शेतावर गेले. माझ्या धुऱ्यावर मंगलाबाई — कृष्णरावांची बायको — पदर खोचून माझीच झुडपं उपटत होती. त्यांचा स्वतःचा धुरा मोकळा झालेला, खुंटांसकट.

म्हटलं, "अहो, हे काय?"

मान वर न करता म्हणाली, "वारा तुमच्याकडून आमच्याकडं येते, रीताताई. तुमचं भाषण सरायची वाट कितीक पाहू?"

मी विळा उचलला.

"विळा नाही," ती म्हणाली. "मुळासकट."