अठरा वर्षं पुरी झाली म्हणून

प्रिय माय,

तुझ्याशी भांडायचं राहून गेल्तं, म्हणून लिहून राह्यलो. तू गेलीस तेव्हा रेहाना खालानं निरोप धाडला, मी आलो, तुला आग दिली, आणि मनात म्हणलं, चला, सुटलो एकदाचा. आता परवा असं काही कानावर पडलं की घास गिळंना झाला. तूच सांग, मेलेल्या माणसाची गचांडी कशी धरायची?

माझं काम तरी तुला ठाऊक होतं का गं? जुन्या जालन्यात माझं माईक-स्पीकरचं दुकान आहे. लग्न, बारसं, पुढाऱ्याची सभा, जिथं बोलवतील तिथं जातो, वायरी ओढतो, आणि कोपऱ्यात मशीनजवळ बसून राहतो. परवा एका कॉलेजात परिसंवाद होता. विषय काय, तर वेश्याव्यवसायाला कायद्यानं मान्यता द्यावी का! फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलेलं, भोवती वेलबुट्टी काढलेली. मी ते वाचलं, आणि 'हॅलो, हॅलो' म्हणायचंच विसरलो.

एक प्राध्यापक उठले. म्हणाले, मान्यता दिली तर समाज रसातळाला जाईल. टाळ्या! दुसरे उठले. म्हणाले, मान्यता द्या, लायसन द्या, म्हणजे त्या स्त्रियांना सन्मान मिळेल. पुन्हा टाळ्या! 'त्या स्त्रिया', 'त्या वस्त्या'. दोघांनीबी तुला लांबूनच पाह्यलं, माय. तुला संधिवात होता, तू अंबाडीच्या भाजीत लसूण जास्त टाकायचीस, हे त्यांना कुठून कळावं? मागच्या बाकावरची पोरं खिदळून राह्यली होती. मी चिडून मशीनवर माईकचा आवाज वाढवत गेलो.

मंग एक वकीलबाई उठल्या. शांत बाई. म्हणाल्या, "लोकांना वाटतं, हे काम करणं म्हणजेच गुन्हा. तसं नाही. पण कायद्यात एक कलम आहे. अशा बाईच्या कमाईवर अठरा वर्षांवरचा कुणी जगत असेल, तर त्याला तुरुंगात टाकता येतं. कलम दलालांसाठी केलं. पण तिचा कॉलेजात जाणारा मुलगाही त्यात अडकू शकतो. आधी ते बघा, मग मान्यतेचं बोलू."

अठरा! मी बसल्या जागी बोटांवर माझी वर्षं मोजली.

माय, तुला तो दिवस आठवतो? मी बारावी पास झाल्तो. पेढे घेऊन परतूरच्या स्टेशनामागच्या आपल्या खोलीत आलो. तू पुडा हातात घेतलास आणि उंबऱ्याबाहेर भिरकावलास. "मेल्या, किती दिवस खाशील माझ्या जिवावर? घोड्याएवढा झालास! निघ इथनं. पुन्हा तोंड दाखवलंस तर याद राख!" सगळी गल्ली बघून राह्यली होती. माझी पुस्तकं, गोधडी, दुसरा शर्ट, सगळं तू आधीच गाठोड्यात बांधून ठेवलेलं. तेव्हा वाटलं, केवढी ही घाई! नवं गिऱ्हाईक यायचं असेल, असंबी मनात आलं. होय, असलं मनात आलं माझ्या.

तरी दिवाळीला लाज सोडून आल्तो. जालन्यात हमाली करून तुझ्यासाठी हिरवं लुगडं घेतलं होतं. तू दार उघडलं न्हाईस. खिडकीतनं म्हणलीस, "कोण तू? मी वळखत न्हाई." समोरच्या टपरीवर पोलीस चौकीतला जमादार बशीतनं चहा पिऊन राह्यला होता. माझ्याकडं बघून हसला. मला वाटलं, माझी फजिती बघून हसला. लुगडं गटारीत टाकलं आणि गाडी पकडली. तेव्हापासून मीबी तुला वळखलं न्हाई. लग्न ठरलं तेव्हा पोरीकडच्यांना सांगितलं, माय लहानपणीच वारली.

परिसंवादाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी परतूर गाठलं. रेहाना खाला, तुझी शेजारीण, अजून त्याच ओट्यावर बसते. डोळ्यात मोतीबिंदू, पण आवाजावरनं वळखलं मला. म्हणलं, "खाला, खरं सांग. माईनं मला का हाकललं?"

"आत्ता सुचलं का बेटा इचारायला?" ती म्हणली. "अरे, जमादारानं दम दिल्ता तिला. पोरगा अठराचा झाला, आता त्याला दलाल म्हणून आत टाकतो, म्हणला. तुझी माय इथं बसून रडली, आणि मंग उठून तुझं गाठोडं बांधलं. या गल्लीत सगळ्याच तसं करतात. पोरगा मोठा झाला की खुसपट काढायचं आणि हाकलायचं. पोरगा बाहेर पडला तर वाचतो."

"मंग मला सांगायचं न्हाई का!" मी ओरडलोच.

"सांगितलं असतं तर गेला असतास?"

न्हाई. नसतो गेलो. तिथंच हमाली केली असती, जमादाराशी भांडलो असतो आणि आत गेलो असतो. तुला ते बराबर ठाऊक होतं.

पण म्हणून मी तुला माफ करू का? तुला माझा राग चालला, माझ्या हातातली बेडी चालली न्हाई. ठीक आहे. पण मला इचारलंस का एकदा तरी, मला काय चालतं ते? आई असून आई नसल्यासारखा जगलो मी. माझ्या लेकीला आजी कशी दिसायची ते माहीत न्हाई. तू मरताना तरी बोलवायचं होतंस! तेव्हा कुठला जमादार बसला होता टपरीवर?

आणि तो जमादार! महिन्याच्या महिन्याला तुझ्याकडनं हप्ता घेऊन जायचा. तो काय अठराच्या आतला होता? तुझ्या कमाईवर त्याची पोरं शिकली, त्याला कुठलं कलम? तो आता पेन्शन खाऊन राह्यला, खाला सांगत होती. आणि तुझ्या हातची भाकर खाल्ली म्हणून मी गुन्हेगार! थू असल्या न्यायावर!

मान्यता द्यावी का, हे तुला कुणी इचारलं न्हाई. एकदाच एका संस्थेची बाई गल्लीत आल्ती, मी लहान होतो. ती म्हणली, तुम्हाला ओळखपत्र मिळायला हवं. तू म्हणलीस, "ते घेऊन काय दारावर टांगू? बाई, हे काम चांगलं न्हाई. वैऱ्याच्या पोरीवरबी येऊ नये. पण मी कुणाची चोरी केली न्हाई, आणि माझ्या लेकरानं तर बिलकुल न्हाई." त्या परिसंवादात एवढं कुणी बोललं असतं तर मी माईकचं भाडं घेतलं नसतं. मला लायसन-बियसनचं कळत न्हाई. तुमच्यातल्या कुणीतरी बाईनं ते सांगावं. पण आईजवळ राहणं हा गुन्हा नसावा, एवढं मला कळतं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते ऐक. तुझ्या खोलीत आता नंदा राहते. तिचा पोरगा अजय यंदा बारावीला. मी खालाजवळ बसलो असताना आतनं आवाज आला, "मेल्या, घोड्याएवढा झालास, किती दिवस खाशील?" तेच तुझे शब्द! पोरगं मान खाली घालून बाहेर आलं, नळावर घागर लावून उभं राह्यलं. डोळे लाल. खाला हळूच म्हणली, "दसऱ्याला अठराचा होतो. नंदा शिकून राह्यली बिचारी शिव्या द्यायला. तू त्याला काही सांगू नको हां. राग आला तरच पाय निघतो."

तुम्हा बायांचा हा हिशेब मला मान्य न्हाई, माय. इथं मी तुझं ऐकणार न्हाई. काल बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणली, "पोराला कधी आणायचं?"

तर वचन देतो. दसऱ्याच्या आधी परतूरला जाईन, नंदाच्या समोर अजयला बसवीन, आणि कलम, जमादार, तू, मी, सगळं सांगीन. तो हट्ट करेल, जात न्हाई म्हणेल. म्हणू दे. त्याचं मन वळेपर्यंत मी तिथनं उठणार न्हाई. त्याला जालन्याला आणीन, माझ्याजवळ ठेवीन, शिकवीन. तो रडत येईल, माय. पण माझ्यासारखा आईला शिव्या देत गाडीत बसणार न्हाई.

अजून तुझ्यावर रागावलेला,
तुझा भगवान