व्याह्यांच्या गाण्याला पहिली टाळी

११ जानेवारी, रविवार
सगळ्यात आधी टपकल्या त्या विहीणबाई, अमेलिया. नवरा खाली पार्किंग शोधतोय म्हणे, आणि ही जिने चढून थेट माझ्या पातेल्यात नाक खुपसते. बोलोन्याच्या बायका! सूपमधले सारण भरलेले आनोलिनी बघून म्हणते, आमच्याकडे ह्यापेक्षा बारीक करतात हो आजी. मी म्हटलं, बारीक करणारच, आत भरायला काही असलं तर ना! हसली. तशी समजूतदार आहे.

मग आला तिचा मुलगा तुलिओ, माझा होणारा नातजावई. शेवटी वडील, ओरेस्ते. गळ्याला दोन मफलर. जाड आवाजाचे गवई आहेत. शनिवारी आमच्या पार्माच्या थिएटरात पहिल्यांदाच गाणार, म्हाताऱ्या राजाचं काम. भीतीनं आनोलिनी नुसतेच चमच्यानं इकडून तिकडे फिरवत होते. बाकीच्या गावांत लोक ऑपेरा ऐकतात, इथे वरच्या गॅलरीतून आम्ही परीक्षा घेतो, नापास झाला की शिट्ट्या. स्वच्छ म्हणाले, तुमच्या गॅलरीनं माझी शोभा केली तर ह्या गावात पुन्हा पाय ठेवणार नाही, पोरांच्या लग्नालासुद्धा नाही. लग्न मे महिन्यात.

इलारिया, माझी नात, स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, आजी, हात जोडते तुला, शिट्टी मारू नकोस.

दिला शब्द. गॅलरी नाहीतरी माझ्याकडे बघूनच ठरवते. म्हणजे लग्न माझ्या हातात. काळजी मिटली.

१३ जानेवारी
शिट्टी न मारणं अवघड आहे. आज रेडिओवर एक टेनर, उंच आवाजाचा गवई, बकरी खड्ड्यात पडल्यासारखा. तोंड आपोआप गोल झालं. लगेच त्यात ब्रेड कोंबला. निर्धार पक्का.

थिएटरात खालच्या महागड्या बॉक्समध्ये बसणाऱ्या बायकांना बकरीही चालते. फर घालून झोपायलाच येतात मेल्या.

१५ जानेवारी
नुसतं गप्प बसणं बरं दिसत नाही. नवा प्लॅन : टाळी. सगळ्यांच्या आधी माझी, म्हणजे शिट्टी मारायची कुणाची हिंमत होणार नाही. आजवर मी कुणालाच टाळी दिलेली नाही, कुणाची लायकीच नव्हती. म्हणून प्रॅक्टिस केली. शेजारच्या आर्जियाला वाटलं, मी गालिचा झटकतेय.

तिला सांगितलं तर म्हणते, अगं ए, गाणं पूर्ण संपू दे हं! मध्येच टाळी म्हणजे आपल्या गॅलरीत ‘पुरे कर, घरी जा’. आणि त्यातून ती तुझी! लोक थट्टाच समजतील. मी म्हटलं, थट्टेची टाळी वेगळी, मनापासूनची वेगळी, आवाजातच कळतं. जळते मेली.

१८ जानेवारी, सकाळ
काल कमाल झाली! पहिल्या अंकात नायिका किंचाळत होती, तरी मी जीभ चावून बसले. मग ओरेस्ते आले. मेलेल्या मुलीसाठी राजा रडतो ते गाणं. आवाज वाईट नाही, जरा ओल्या पोत्यासारखा. मध्ये थांबले, डोळे मिटून. मला वाटलं झालं. उभी राहिले आणि वाजवली, एकटीनं, कडकडून.

सगळी गॅलरी माझ्याकडे वळली. मग काय, हशा आणि टाळ्या, टाळ्या आणि हशा! कुणीतरी ओरडलं, आजीनं टाळी दिली रे, मास्तर, आता बोलोन्याची गाडी पकडा! प्रेमानंच. ते तोंड उघडायचे की पुन्हा टाळ्या. शेवटी छातीवर हात ठेवून आत निघून गेले, गाणं अर्धंच टाकून. भारावून गेले बिचारे.

घरी येताना आर्जिया रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं चालली. म्हटलं नव्हतं, जळते?

त्याच दिवशी, दुपार
आनोलिनी आज मुद्दाम बारीक केले. पाहुणे आले, पण कोट काढले नाहीत. थंडी आहेच. ओरेस्ते तर वर आलेच नाहीत, गाडीत बसून राहिले. गवयाला गळा जपावा लागतो. तुलिओ आणि इलारिया जिन्यात हळू आवाजात बोलत होते, अंगठी तिच्या बोटातून तिच्या मुठीत, मुठीतून परत बोटात. सैल झाली असेल. सोनाराला सांगायला हवं.

विहीणबाईंना म्हटलं, अशा कशा जाता? पुन्हा जेवायला कधी येणार, दिवस सांगून जा. त्यांनी इलारियाचा गाल कुरवाळला, मग माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, एकोणतीस फेब्रुवारीला, आजी. अगदी नक्की. इलारिया तोंडाला रुमाल लावून आत पळाली. लग्न ठरलेल्या मुली अशाच लाजतात.

खाटकानं दिलेलं कॅलेंडर काढलं. अठ्ठावीसनंतर एकदम मार्च! फुकट वाटायच्या वस्तू छापताना कोण लक्ष देतो? मीच पेन्सिलीनं एकोणतीस लिहिला आणि पुढे लिहिलं, व्याही जेवायला.